एलकानाची काळजी

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभीं एका नवऱ्याची काळजी लिहिली आहे, तिजकडे आपलें लक्ष फारसें जात नाहीं. हन्नेच्या प्रार्थनेविषयीं आपण पुष्कळ ऐकतों; परंतु त्यापूर्वीं ती जेवत नव्हती, हें आपण घाईनें वाचून पुढें जातों. तिची कूस बंद होती, म्हणून सवत तिला वर्षानुवर्षें टोचून बोले. ती रडे व अन्नास शिवत नसे. एलकानाला तें दिसलें. कित्येक नवऱ्यांस तेंही दिसत नाहीं.

आमच्या मंडळ्यांतील कित्येक घरांत हीच गोष्ट निराळ्या रूपानें चालली आहे. बाळंतपणानंतर एखाद्या भगिनीचें अंग सुटतें. नळावर, लग्नाच्या मांडवांत, फार काय, उपासना सुटल्यावर मंदिराच्या दारांतही कोणी हसत म्हणतें, "काय ग, केवढी झालीस!" बोलणारी विसरून जाते; पण ती बाई घरीं येऊन रात्रीची भाकर सोडते, फोटोच्या वेळीं मागें सरते, स्त्रियांच्या सभेस येणें टाळते. दुसरी कोणी वाळत चालली तर तिला 'काडी' म्हणतात. नवरा काळजींत पडतो. बोलावें तर तिला लागतें, न बोलावें तर ती आणखी खंगते.

एलकाना बोलला. त्यानें चार प्रश्न केले. पहिले तीन तिच्या दुःखाविषयीं होते. चौथ्यांत मात्र दहा पुत्रांच्या तोलास त्यानें स्वतःला घातलें. त्याच्या प्रेमाविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु मला तूं आवडतेस, मग रडतेस कां, असें विचारणारा नवरा दुःख ऐकत नाहीं, तें मिटवूं पाहतो. शिवाय पनिन्नेस त्यानें गप्प केल्याचें कोठें लिहिलेलें नाहीं, हें आम्हांस अधिक खटकतें. आपल्या आईबहिणींस व मित्रांस बायकोच्या अंगावरून बोलूं न देणें हें नवऱ्याचें पहिलें काम आहे; आणि स्वतःची थट्टाही त्यांत आली.

हन्ना जेवली ती एलीनें तिचें ऐकून घेतल्यावर. तिचें शरीर तेव्हां पूर्वींसारखेंच होतें.

मग वजनाविषयीं बोलूंच नये काय? बोलावें, पण रूप आणि प्रकृति या दोन गोष्टी एकत्र कालवूं नयेत. थायरॉईड ग्रंथी मंदावल्यानें वजन वाढतें. मधुमेहानें किंवा क्षयानें माणूस वाळतें. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींच्या अंगीं रक्त कमी आढळलें. भरल्या अंगाची दिसणारी बाईही रक्तानें दुबळी असूं शकते. उपाशी राहून ती अधिकच दुबळी होईल. हें डोळ्यांनीं पारखतां येत नाहीं, त्यास तपासणीच पाहिजे.

पतीनें पत्नीला आपल्या देहाप्रमाणें पोसावें, असें पौलानें इफिसकरांस कळविलें. पोषणाची गोष्ट चुलीपाशीं सुरू होते, आणि सर्वांच्या मागून उरलेलें खाण्याची बायकांची रीत ख्रिस्ती घरांतूनही गेलेली नाहीं. आज रात्रीं दोघांनीं बरोबर जेवावयास बसावें. आरोग्य केंद्रांत जातांनाही नवऱ्यानें सोबत जावें, व काट्यावर आधीं आपण उभें राहावें. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या वर गेला कीं मधुमेहाचा धोका वाढतो, हें त्यांतील पुष्कळांस ठाऊक नसतें.