गाऱ्हाणे आणि कौल

प्रश्न विचारणाराने काय विचारावे, हे उत्तर देणाराने ठरवावे काय? हा वाद तसा जुनाच. परंतु ज्यांस हल्ली चॅटबॉट म्हणतात त्या संभाषक यंत्रांनी तो आपल्या दाराशी नव्याने आणून ठेवला आहे. टेलिग्रामने २०१५ साली असे बॉट रचण्याची मुभा सर्वांस दिली व २०१६ मध्ये संदेशाखालीच बटणे जोडण्याची सोय केली. पुढे व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक सेवेतही ती आली. तेथेही बटणांच्या व यादीतील पर्यायांच्या संख्येस मर्यादा आहे.

या मेनूचा उपकार आम्ही नाकारीत नाही. ज्या वृद्धास देवनागरी टंकता येत नाही, त्यास एक बोट पुरते. यंत्राचाही अर्थाचा घोटाळा टळतो. परंतु जे यादीत नाही ते जगातही नाही, असे यंत्र मानू लागते. आणि थोड्याच दिवसांत मनुष्यही तसेच मानू लागतो, ही खरी भीती आहे.

मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव घ्या. इ. स. १५३० मध्ये विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी तो बांधिला असे सांगतात. २०२० साली जागतिक वारसा सिंचन-स्थळांत त्याची गणना झाली. त्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. लग्नकार्यास दागिने हवे असल्यास फुलांचे दागिने करून परडीत घालावे व ती पाण्यात सोडावी. तसेच सोन्याचे दागिने तलाव देई, आणि कार्य उरकल्यावर ते परत करावयाचे. मागणारा आपल्या गरजेचा आकार स्वतःच घडवीत असे; तलावाने कोणापुढे नमुन्यांची यादी ठेविली नव्हती. पुढे कोणी एकाने दागिने परत केले नाहीत, आणि देणे बंद पडले ते साऱ्या गावास! एकाचा दोष सर्वांच्या माथी बसला.

अनेकांच्या गटात वावरणाऱ्या बॉटचे संकट हेच आहे. टेलिग्रामच्या गटात एकाने मागविलेला मेनू सर्वांस दिसतो व त्यावरील बटण कोणीही दाबू शकतो. कोणी दाबले, हे यंत्रास कळते. पण विचारणारा व दाबणारा एकच आहे की नाही, हे पडताळून पाहणे रचणाऱ्याकडे असते. तो आळसावला, तर एकाच्या अर्जावर दुसऱ्याची निवड चढते. म्हणून प्रत्येकाचा हिशेब वेगळा राखणे हे केवळ कौशल्य नव्हे, ते कर्तव्य होय.

मग मेनू असावा की नसावा? कोणी म्हणेल, शेवटी ‘इतर’ असे एक बटण ठेवा म्हणजे झाले. परंतु ‘इतर’मध्ये लिहिलेले वाचणारे कोणी नसेल, तर ते बटण म्हणजे भिंतीवर रंगविलेले दार! कोकणातील देवळांची रीत याहून शहाणपणाची आहे. देवाचा कौल हाही एक मेनूच: पाकळी उजवीकडे पडली तर होय, डावीकडे पडली तर नाही. दोनच पर्याय! तरी त्याची सक्ती कोणास जाचत नाही, कारण कौलाआधी गाऱ्हाणे असते. कोणाचे घर, कोणते संकट, काय मागणे, हे सर्व नावानिशी व मोकळ्या तोंडाने सांगितले जाते. मगच निवडीची वेळ येते.

यंत्र रचणारांनी हाच क्रम पाळावा. आधी माणसाचे म्हणणे त्याच्या शब्दांत घ्यावे, त्यावरून पर्याय मांडावे, आणि त्यांपैकी एकही लागू नसेल तर ते म्हणणे एखाद्या जबाबदार मनुष्याच्या हाती पडेल अशी तजवीज करावी. यात वेळ अधिक जाईल, हे खरे. परंतु गाऱ्हाणे न ऐकता दिलेला कौल कितीही त्वरित मिळाला, तरी तो कोणत्या प्रश्नाचा, हे कोणास सांगता येईल?