तंबोऱ्याचा कर्ता

मैफल रंगली म्हणजे आपण गवयाचें नांव घेतों, फार तर तबलजीचें घेतों. मागें जो तंबोरा झंकारत होता तो कोणीं घडविला, हा प्रश्न आपल्या मनांतहि येत नाहीं. याला अन्याय म्हणावें, कीं हीच त्या कारागिराच्या कलेची सिद्धि मानावी?

तंबोरा आम्हां सोलापूरकरांस परका नाहीं. त्याचा भोपळा आमच्याच जिल्ह्यांत, पंढरपूरच्या परिसरांत पिकतो. तो वाळून मिरजेस जातो आणि तेथें त्याला लांकडी दांडी जोडतात. मिरजेचे हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांचा काळ सरला, तेव्हां फरीदसाहेब शिकलगारांनीं तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला. त्यांस पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला.

पण या कलेची खरी कसोटी जवारींत आहे. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा किंचित् बांकदार असतो. तो कानशीनें इतक्या बेतानें घांसावा लागतो कीं, कंप पावणारी तार त्याला हलकेंच शिवत राहावी. मग तारेखालीं सुताचा 'जीव' सरकवितात आणि सूर उमलतो. घांसणें कमी पडलें तर पुन्हां घांसतां येतें. एक कण अधिक गेला तर तो परत बसवितां येत नाहीं. याचें माप कोठें लिहिलेलें नाहीं. तें कारागिराच्या कानांत असतें.

फ्रान्समधील मिरकूर हें असेंच व्हायोलिन करणारांचें गांव. तेथें १७९८ सालीं जन्मलेला व्हियोम पुढें पॅरिसला नांवारूपास आला. कर्त्याच्या नांवाची चिठ्ठी व्हायोलिनच्या पोटांत डकविण्याची तिकडे जुनी रीत आहे, आणि त्या नांवावर वाद्याचें मोल वाढतें. आपल्याकडे २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. गांवाचें नांव राखलें गेलें, हें चांगलें झालें. हाताचें नांव मात्र श्रोत्यांच्या ओठीं अजून आलेलें नाहीं.

यावर गीतेचा दाखला देणें सोपें आहे: कर्म करावें, फळाची आशा धरूं नये. आम्हींहि तो एकदां दिला होता. घरचा तंबोरा घेऊन आम्ही मिरजेस गेलों होतों. एका वृद्ध कारागिरांनीं दुपारभर कान लावून जवारी काढली. तें पाहून आम्ही निष्काम कर्माविषयीं चार वाक्यें बोललों, आणि लगेच मजुरीसाठीं घासाघीस केली! ते कांहीं बोलले नाहींत. आम्हीं दिले तेवढे पैसे घेऊन त्यांनीं तंबोऱ्यावर गवसणी चढविली.

निःस्पृहता हा गुण ज्याचा त्यानें अंगीं बाणवावयाचा असतो. तो दुसऱ्यास शिकविणें म्हणजे पुष्कळदां आपला कृपणपणा झांकणें होय. गवयाच्या सुरांत कर्ता लोपतो, ही त्याच्या कलेची सिद्धि खरीच. पण आमच्या स्मरणांतून आणि हिशेबांतूनहि तो लोपतो, हा दोष आमचा आहे. तंबोऱ्याची गवसणी काढतांना एवढा भेद ध्यानांत राहिला तरी पुष्कळ झालें.