गिलादाचे औषध आणि गल्लीतले दुकान

शास्त्रभाग : उत्पत्ती ३७:२५-२८, यिर्मया ८:२२



योसेफाला विकत घेऊन मिसरात नेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या उंटांवर कोणता माल लादला होता, हे उत्पत्तीच्या लेखकाने आवर्जून सांगितले आहे. त्या मालात गिलादाचा औषधी डिंक होता. मूळ इब्री भाषेत त्यास ‘त्सोरी’ म्हणतात. पुढे कित्येक शतकांनी यिर्मया संदेष्टा आपल्या लोकांची न भरणारी जखम पाहून आक्रंदतो, गिलादातले औषध संपले की काय व तेथील वैद्य कोठे गेले असे विचारतो, तेव्हाही तो हाच शब्द योजतो. भाषांतरात हा दुवा सहज निसटतो. पण तो एकदा ध्यानात आला म्हणजे मन अस्वस्थ होते. जखम बरी करणारा डिंक आणि वीस रौप्यमुद्रांस विकला गेलेला सतरा वर्षांचा मुलगा एकाच काफिल्यातून, एकाच वाटेने गेले.

आपल्या काळातही औषध आणि दास्य एकाच वाटेने येत आहेत. कर्करोगाच्या रोग्याची वेदना शमवणारे मॉर्फीन अफूपासून होते, आणि ते देवाचे देणे आहे असे म्हणावयास मला संकोच वाटत नाही. त्याच अफूपासून हेरॉइनही होते. १९८० च्या दशकात ते ‘गर्द’ या नावाने मुंबई-पुण्याच्या घराघरांत शिरले. वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशनचे कार्य आरंभिले, पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण उभे केले. इकडे छत्तीसगडात, आमच्या बोरसीसारख्या भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या आश्रयाने वाढलेल्या वस्त्यांत, व्यसनाची बातमी कानी येते ती बहुधा गोळ्यांची अथवा कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाची. ट्रामाडोल ही वेदनाशामक गोळी २०१८ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावी लागली, यावरून काय ते समजावे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार अफूवर्गीय पदार्थांमुळे साहाय्याची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक आपल्या देशात आहेत.

आता यिर्मयाच्या प्रश्नाकडे वळू. औषध आहे काय? आहे. ब्यूप्रेनॉर्फिन नावाची जिभेखाली विरघळणारी गोळी मेंदूत हेरॉइनच्याच जागी जाऊन बसते, तळमळ शमवते, परंतु तशी धुंदी आणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ती २००५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. अशा दीर्घकालीन उपचारात राहणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे निम्म्याने घटतो. नुसते काही दिवस डांबून ठेवून ‘शुद्ध’ करून घरी पाठवलेल्या मुलाची सहनशक्ती उतरलेली असते. तो पुन्हा पूर्वीच्याच मात्रेकडे वळला तर त्याचा प्राणच जातो. हे आईबापांना कोणी सांगत नाही.

मग अडते कोठे? अंतरापाशी. आपल्याकडे व्यसनोपचारासाठी ही गोळी मान्यताप्राप्त केंद्रांतून व रुग्णालयांतून मिळते, नाक्यावरच्या मेडिकलमध्ये नाही. रोजंदारीवर जाणारा माणूस सकाळची पाळी बुडवून रोज दूरच्या केंद्रावर किती दिवस जाईल? फ्रान्समध्ये १९९६ पासून साध्या डॉक्टरांनी चिठ्ठी द्यावी व जवळच्या औषधविक्रेत्याने गोळी द्यावी अशी मोकळीक मिळाली. १९९९ पर्यंत अतिमात्रेने होणारे मृत्यू सुमारे चार पंचमांशाने कमी झाले. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात प्रशिक्षित औषधविक्रेत्यांवर हे काम सोपवून पाहिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा : महिन्याअखेर दुकानातून उपचार घेणाऱ्या २८ जणांपैकी २५ टिकले, नेहमीच्या दवाखान्यांकडे पाठवलेल्या ३० पैकी केवळ ५.

गोळीचा काळाबाजार होईल ही भीती निराधार नाही. आपल्या देशात ब्यूप्रेनॉर्फिनच्या इंजेक्शनांचाही गैरवापर झालेला आहे. म्हणूनच विक्रेत्यासमोर गोळी घेणे, नॅलोक्सोन मिसळलेली गोळी देणे, नोंदवही ठेवणे हे सारे हवे. परंतु २०२० च्या टाळेबंदीत काही दिवसांचे औषध घरी नेण्याची मुभा आपल्याच देशात द्यावी लागली होती, हेही विसरू नये.

मला अधिक खंत वाटते ती मंडळीत ऐकू येणाऱ्या आक्षेपाची : एक व्यसन सोडवून दुसरे लावायचे काय? प्रार्थना पुरेशी नाही काय? हिज्कीया राजाची प्रार्थना देवाने ऐकली, त्यास पंधरा वर्षांचे आयुष्य वाढवून दिले, आणि तरीही यशयाने अंजिरांचे पोटीस गळवावर बांधावयास सांगितले (यशया ३८). त्या पोटिसाने कोणाचा विश्वास उणा झाला नाही. आणि रोज घ्यावे लागते म्हणून जे हीन ठरते, त्यांनी मान्न्याचा अध्याय पुन्हा वाचावा. कनानच्या सीमेपर्यंत चाळीस वर्षे तो रोजच वेचावा लागला. मधुमेह असलेल्या पाळकांना आपण इन्सुलिनविषयी हा प्रश्न विचारत नाही.

आपल्या मंडळ्यांत औषधविक्रेते आहेत, परिचारिका आहेत, निवृत्त डॉक्टर आहेत. चिठ्ठीवाचून झोपेची व वेदनेची गोळी काउंटरवरून द्यायची नाही, एवढे तर ते आजच ठरवू शकतात. त्यांनीच पुढे होऊन राज्याच्या आरोग्य खात्याला लिहावे, की डॉक्टरांच्या देखरेखीखाली निवडक दुकानांतून हा उपचार देऊन पाहावा, आणि त्यासाठी प्रशिक्षण घेण्याची आमची तयारी आहे. व्यासपीठावरून त्या मुलाचे नाव घेऊन प्रार्थना करण्याची प्रथा मात्र थांबवावी. त्या लाजेने किती घरे उपासनेस यावयाची बंद झाली आहेत! तोवर केंद्र दूर आहे आणि भाडे रोजचे आहे. मंडळीच्या साहाय्यनिधीतून ते देता येईल, आणि पहिले काही आठवडे त्याच्यासोबत जाणारा एखादा वडील आपल्यातूनच नेमता येईल.