भाकरीचे देणे

दिवाळीच्या फराळाचा पहिला डबा आमच्या घरातून नगरला जात असे. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान उरकले, की वडील करंज्या, चकल्या आणि चार लाडू पितळी डब्यात भरीत, त्यावर धुतलेला पंचा बांधीत आणि सकाळच्या एस.टी.ने निघत. तिथे मिशनच्या आवारामागे एका खोलीत एक म्हाताऱ्या बाई राहत असत. पन्नास-साठ वर्षांपूर्वी वडील ज्या मिशन बोर्डिंगात राहून शिकले, तिथली देखरेख त्या बाईंकडे होती. संध्याकाळी डबा परत येई, तेव्हा त्याच्या तळाशी माझ्यासाठी दोन पेन्सिली असत.

आमचे थोरले चुलते जिभेचे तिखट. डबा भरताना पाहिला, की ते दरवर्षी न चुकता म्हणत, “अरे, त्यांनी तुला भाकरी घातली ती काय पुण्यासाठी? कोळी गळाला गांडूळ लावतो ना, तसली ती भाकरी. आणि तू असा मासा, की उलट कोळ्यालाच करंज्या नेऊन देतोस!”

वडील पंच्याची गाठ मारता मारता एवढेच म्हणत, “दादा, गळ मला दिसला होता. मी भाकरी खाल्ली, गळ तेवढा सोडला. पण म्हणून भाकरीचं देणं फिटतं का?”

ते दोघेही आज नाहीत. पण त्यांचा तो वाद, घरातल्या पितळी डब्यासारखाच, वारशाने माझ्याकडे आला आहे. मी मॅट्रिक झालेला माणूस. नीतिशास्त्राचे मोठे ग्रंथ मी वाचलेले नाहीत. मात्र शाळेत शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे मुलांच्या भुकेशी आणि माणसांच्या हेतूंशी माझी रोज गाठ पडते. हेतू मनात ठेवून केलेल्या मदतीला दान म्हणावे, की आमिष म्हणावे? या प्रश्नाला वडिलांच्या एका वाक्याने उत्तर मिळाले, असे मला कित्येक वर्षे वाटत होते. आता तितकेसे वाटत नाही.

चुलत्यांची बाजू आधी मांडतो, कारण ती पोकळ नव्हती. मिशनऱ्यांनी आपला हेतू कधी लपवून ठेवला नाही. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले धर्मोपदेशक १८१३ साली मुंबईत उतरले, ते धर्म सांगण्यासाठी. शाळा ही त्या कामाची वाट होती. १८२४ साली त्यांनी मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ साली मिस फॅरार नावाची एक अविवाहित बाई समुद्र ओलांडून त्या कामासाठी आली. १८३९ साली ती नगरला गेली आणि १८६२ साली मरेपर्यंत मुलींना शिकवत राहिली. त्या शाळांत बाराखडी होती, गणित होते, शिवणकाम होते. आणि त्याबरोबर प्रार्थना आणि बायबलही होते.

वडिलांच्या बोर्डिंगात शंभर वर्षांनंतरही थोडेफार तसेच चाले. पहाटे प्रार्थना, मग बागेला पाणी, मग भाकरी आणि शाळा. रविवारी जो मुलगा वचन तोंडपाठ म्हणून दाखवी, त्याला गुळाचा खडा जास्त मिळे. वडील हसत सांगत, “भुकेल्या पोराला देव आणि गूळ वेगळे काढता येत नाहीत रे!” ते हसत, पण त्या हसण्यात चुलत्यांचा सगळा मुद्दा आलेला असे. ज्याच्या पोटात अन्न नाही, त्याच्या होकाराला होकार म्हणता येत नाही. आपल्या राज्यघटनेच्या २८व्या कलमाने सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत मुलाला, तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणाला बसवता येणार नाही, असे ठरवून दिले. ते उगीच नव्हे. गुळाचा खडा किती जड असतो, हे घटनाकारांना ठाऊक होते.

पण मग दुसरी एक गोष्ट आठवते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. जात सोडली तर त्याच्यात काही उणे नव्हते. त्याला प्रवेश मिळाला नाही. त्याने अर्ज केला; प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेले. न्याय मुलाच्या बाजूला आहे हे सरकारला दिसत होते. पण एका मुलासाठी बाकीची मुले शाळा सोडतील, या भयाने सरकारनेही हात वर केले. त्या शाळेत कोणाचा धर्म बदलण्याचा हेतू नव्हता. तिथे गळ नव्हता हे खरे. पण त्या मुलासाठी भाकरीही नव्हती!

मिशनऱ्यांच्या हेतूची झडती घेताना हे आपण सोयीस्करपणे विसरतो. भुकेल्या मुलाच्या दारात कोण कशासाठी आले, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. पण त्याआधी त्या दारात आपण का नव्हतो, याचा जबाब दिला पाहिजे.

आणि गळाचे तरी शेवटी काय झाले? जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांनी मिस फॅरारची नगरची शाळा पाहिली, सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे तिथे घेतले, आणि १८४८ साली या दांपत्याने पुण्यात मुलींची शाळा काढली. मिशनऱ्यांविषयी जोतीरावांनी कृतज्ञता कधी लपवली नाही, आणि ख्रिस्तीही ते झाले नाहीत. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकून त्यांनी वाचला तो टॉमस पेन, बायबलावरही कडक टीका करणारा! त्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ साली तो छापला ‘ज्ञानोदया’ने, म्हणजे मिशनच्याच पत्राने. त्यात ती चौदा-पंधरा वर्षांची पोर देवालाच विचारते, की आमचा धर्म तरी कोणता? हा प्रश्न तिला कोणी शिकवला नव्हता. तिला शिकवली होती ती अक्षरे.

अक्षराची हीच गंमत आहे. भाकरी दिली तर ती खाऊन संपते; वस्त्र दिले तर ते फाटते. वाचायला मात्र एकदा शिकवले, की पुढे काय वाचायचे हे शिकवणाऱ्याच्या हाती राहत नाही. देणाऱ्याचा हेतू काहीही असो, दिलेली वस्तू त्याच्या हेतूची बटीक राहत नाही.

तरी एवढ्यावर चुलत्यांना गप्प बसवता येणार नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदासदन काढले, तेव्हा धर्मप्रचार करणार नाही असा त्यांचा शब्द होता, आणि रानडे-भांडारकरांसारखे लोक सल्लागार मंडळात होते. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत, खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली या मंडळींनी राजीनामे दिले. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. उघडे दार म्हणजे मोकळीक, की तेही एक बोलावणे? दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. पण मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. शारदासदनात शिकलेल्या गोदूबाईंशी अण्णासाहेब कर्व्यांनी त्याच वर्षी पुनर्विवाह केला, आणि १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. रमाबाईंना नावे ठेवणारे पुष्कळ होते. त्यांना असे कामाने उत्तर देणारे थोडे.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो, तर मिशनऱ्यांचा न्याय करून मोकळा झालो असतो. पण गेल्या वर्षी माझ्याच हातून एक गोष्ट घडली.

आमच्या शाळेत नववीत एक मुलगी आहे. आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळी आली, की बिऱ्हाड कारखान्याच्या वाटेला लागते. पोरगी हुशार. मी तिला गणवेश, वह्या, दप्तर घेऊन दिले. धर्माचा प्रश्नच नव्हता. मग पंधरा ऑगस्टला, झेंडावंदनानंतर, मी तिला व्यासपीठावर उभी केली आणि गावासमोर सांगितले, की समाजाने मनात आणले तर अशा मुली शिकू शकतात. टाळ्या पडल्या. माझा आवाज थोडा दाटूनही आला होता, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. चार दिवसांनी तिची आजी घरी आली. गणवेशाची नीट घडी घातलेली होती.

“गुर्जी, हे कपडे ठेवा. पोरगी म्हणती, अंगाला टोचत्यात.”

मला प्रथम राग आला. खोटे कशाला सांगू? एवढे करून वर ही कृतघ्नता! मग रात्री ती घडी समोर घेऊन बसलो, आणि थोरल्या चुलत्यांचा आवाज ऐकू आला. मिशनऱ्याने वडिलांकडे देवाचे वचन मागितले होते. मी त्या पोरीकडे माझी स्तुती मागितली होती. त्याला निदान तिच्या आत्म्याची काळजी होती, असे तो म्हणू शकला असता. मला कशाची काळजी होती?

आणि वडिलांनी नेलेल्या करंज्यांचा अर्थही त्या रात्री वेगळा दिसला. घेणाऱ्याला दोन गोष्टी करता आल्या पाहिजेत: नको ते सोडता आले पाहिजे, आणि आपल्या ऐपतीने परत देता आले पाहिजे. ज्या मदतीत या दोन वाटा मोकळ्या आहेत, ती कोणत्याही देवाच्या नावाने येवो, तिला मी दान म्हणेन. ज्या मदतीत त्या बंद आहेत, तिच्यावर कोणत्याच देवाचे नाव नसले, तरी ती गळच. त्या म्हाताऱ्या बाईंनी गळ सोडणाऱ्या मुलाची भाकरी बंद केली नाही, आणि पुढे त्याच्या हातच्या करंज्या आनंदाने घेतल्या. त्यांचे मोठेपण मला त्यांनी दिलेल्या भाकरीत दिसते, आणि त्याहून अधिक त्यांनी घेतलेल्या डब्यात.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. पोरगी दाराआड होती. आजीला म्हणालो, “आजी, चुकलो. तिला उभी करायला नको होती.” आजी काही बोलली नाही, तिने चहा ठेवला. सोमवारी मुलगी शाळेत आली, जुन्याच फ्रॉकवर.

यंदा आईबापांनी तिला आजीपाशी ठेवून जायचे ठरवले आहे. परवा आजी आली, ती पायलीभर बाजरी घेऊन. म्हणाली, “ही घ्या, मग वह्या नेते.” त्यांच्या घरात पायलीभर बाजरी म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. नको म्हणायला मी तोंड उघडलेही होते. पण उघडलेले तोंड मिटले आणि बाजरी घेतली.

या दिवाळीत फराळाचा पहिला डबा त्या आजीकडे जाईल. डबा तोच आहे, पितळी. तो तिकडून रिकामा परत येणार नाही, आणि येऊ नये, असेच मला वाटते.