वगळलेलं कलम

सिंगापूरच्या विमानतळावरून शहरात येताना तुम्हाला दोन्ही बाजूंना एचडीबीच्या उंच इमारती दिसतील. इथले दहापैकी जवळपास आठ रहिवासी अशा सरकारनं बांधलेल्या घरांत राहतात. मीही तशाच एका घरात खोली भाड्यानं घेऊन राहतो. फोनवर या घरांचं कौतुक चाललं असताना एकदा आईनं विचारलं, "एवढी जागा सरकारनं आणली कुठून?"

आई हे विचारणारच. तिच्या माहेरची शेती सातारा जिल्ह्यातल्या एका धरणात गेली. आजोबांनी मोबदल्याचा कागद शेवटपर्यंत ट्रंकेत जपून ठेवला होता. त्या पैशांत दुसरी जमीन काही झाली नाही.

तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना १९६१ पर्यंत मागं जावं लागतं. सिंगापूरला तेव्हा अंतर्गत स्वराज्य होतं, सार्वभौमत्व मात्र ब्रिटिशांचं. २५ मे रोजी बुकित हो स्वीची वस्ती जळाली आणि सुमारे सोळा हजार माणसं उघड्यावर आली. झोपड्या असलेल्या जमिनीला भाव कमी असतो. झोपड्या जळाल्या की तीच जमीन मोकळी होते आणि भाव चढतो, म्हणजे आगीचा नफा मालकाच्या खिशात. सरकारनं कायदा बदलला: आगीत सापडलेली जमीन, झोपड्या अजून उभ्याच आहेत असं धरून, त्या भावानं घ्यायची. तुम्ही यात अन्याय दाखवून द्या, मला तरी दिसत नाही.

पुढचं मात्र इतकं सरळ नाही. १९६३ मध्ये सिंगापूर मलेशियात सामील झालं. मलेशियाच्या राज्यघटनेचं तेरावं कलम सांगतं की पुरेसा मोबदला दिल्याशिवाय कुणाची मालमत्ता सक्तीनं घेता येणार नाही. ९ ऑगस्ट १९६५ ला सिंगापूर वेगळं झालं. डिसेंबरमध्ये संसदेनं त्या घटनेतले मूलभूत हक्क आपल्याकडे चालू ठेवले, पण तेरावं कलम वगळलं. पुढच्याच वर्षी नवा भूसंपादन कायदा आला. त्यात नंतर अशी दुरुस्ती झाली की मोबदला ३० नोव्हेंबर १९७३ च्या भावापेक्षा जास्त मिळणार नाही. १९८० मध्ये जमीन गेली, तरी भाव १९७३ चाच. १९६० मध्ये सुमारे ४४ टक्के जमीन सरकारची होती. १९८५ पर्यंत ती ७६ टक्क्यांवर गेली.

हाँगकाँगनं उलटी वाट धरली. १९८४ च्या ब्रिटन-चीन करारानंतर न्यू टेरिटरीजमधले बहुतेक भाडेपट्टे जादा रक्कम न घेता २०४७ पर्यंत वाढवून दिले. सत्ता बदलताना तिथल्या कायद्यानं जमीनवाल्यांना धीर दिला, इथल्या कायद्यानं बिनजमिनीच्यांना. तिथली घरं किती महाग आहेत ते तुम्हाला ठाऊकच असेल.

ली कुआन यू यांचा युक्तिवाद असा होता की सार्वजनिक खर्चातून झालेल्या विकासाचा लाभ जमीनमालकानं उपटू नये. जमिनी गुंतवून ठेवणाऱ्या सावकाराला हे चपखल लागू पडतं. भाजीचा मळा किंवा एकुलतं एक घर असलेल्या माणसाचं काय? तो नफ्यासाठी बसलेला नव्हता. त्याला तेवढीच जागा शेजारी घ्यायची तर भाव आजचा पडणार. १९६१ च्या दुरुस्तीनं निदान विचारलं होतं, हा वाढलेला भाव आला कुठून? १९७३ ची तारीख कुणालाच काही विचारत नाही. म्हणून पहिली मला न्याय्य वाटते आणि दुसरी फक्त सोयीची.

हे लिहिताना अवघडल्यासारखं होतं. मुळशीच्या शेतकऱ्यांनी ज्या १८९४ च्या कायद्याविरुद्ध सत्याग्रह केला, त्याच्याबद्दल मी तावातावानं बोलतो. आपणही १९७८ मध्ये मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. इथं मात्र बहुतेक उठवलेल्यांना सरकारी घर मिळालं, म्हणून माझा राग निवतो की काय? की छप्पर माझ्याच डोक्यावर आहे म्हणून?

"घरं मिळाली ना त्यांना? मग आपल्यापेक्षा बरं," आई म्हणाली. बाजारभावानं मोबदला २००७ पासून मिळू लागला, तोही त्यानंतर घेतलेल्या जमिनींना. आधी गेलेल्यांना नाही. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.