श्रावण, वाइन आणि जिभेचा प्रश्न

ऑगस्टमध्ये दोन दिवस नाशिकला जाऊ, द्राक्षबागेत राहू, वाइन चाखू, असा बेत घरात निघाला की दोन शंका हमखास येतात. एक, तेव्हा बागेत द्राक्षे असतात का? आणि दुसरी, अहो, पण श्रावण आहे ना? पहिलीचे उत्तर सोपे आहे: नसतात. दुसरीवर आपल्याकडे काही शतके खल चालू आहे, आणि तो पुढे न्यायला नाशिकइतके सोयीचे गाव नाही. एका अंगाला त्र्यंबकेश्वर, गावात पंचवटी आणि गंगापूर धरणाच्या काठाने वायनऱ्या.

आधी बेत. नाशिकच्या वाइनचा खरा हंगाम जानेवारी ते मार्च. तेव्हा द्राक्षे उतरतात, पायांनी द्राक्षे तुडवण्याचे खेळ होतात, सुलाचा संगीत महोत्सव भरत आला तोही फेब्रुवारीतच. खोल्या महिनाभर आधी भरलेल्या असतात आणि चाखायच्या टेबलापाशी रेटारेटी. पावसाळ्यात, त्यातही आडवारी, हे सगळे निवलेले असते. ओतणाऱ्या माणसाला बोलायला सवड असते, आणि वाइनबद्दल काही शिकायचे तर ते त्याच्याकडूनच शिकता येते.

सगळीकडे जायचा हट्ट मात्र सोडावा. गंगापूरच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा ही मंडळी जवळजवळ आहेत. एक दिवस तिथेच जातो. इगतपुरीकडे संजेगावच्या परिसरात ग्रोव्हर झांपा आणि वलोने आहेत. तिकडचा पाऊस घाटमाथ्याचा, म्हणजे छत्रीला न जुमानणारा. दिंडोरीला शॅनदोनची फेसाळ वाइन, आणि पाऊसही बेताचा. दिवसाला दोन वायनऱ्या पुष्कळ झाल्या. सकाळी तर्रीदार मिसळ ओरपून थेट टेस्टिंगला बसू नये, तिखटाने जीभ बधिर होते. मिसळ दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर ठेवावी. गाडी चालवणारा वेगळा हवा. आषाढी एकादशी, पंधरा ऑगस्ट, विसर्जनाचा दिवस असे कोरडे दिवस कॅलेंडरवर आधीच पाहून घ्यावेत. आणि कायद्याने परवाना लागतो, हेही ध्यानात असावे. ज्या राज्याने २००१ साली वाइन उद्योगासाठी खास धोरण आखले, त्याच राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. जिभेच्या बाबतीत महाराष्ट्राचे मन असे आधीपासूनच दुभंगलेले.

पावसाळ्यात द्राक्षे नसतात, पण बाग रिकामीही नसते. फ्रान्समधली वेल थंडीत पाने गाळून झोपते. नाशिकची वेल झोपतच नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा कापावे लागते. एप्रिलमधली ती खरड छाटणी. ऑक्टोबरच्या सुमाराची ती गोडी छाटणी, फळासाठीची. दोनदा कापायचे आणि एकदाच पीक घ्यायचे. खरड छाटणीनंतर फुटलेल्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांचा निर्णय पाऊस स्थिरावेपर्यंत होऊन गेलेला असतो. पुढे पावसाळाभर काडी पिकवायची आणि डावणी रोगापासून पाने वाचवायची, एवढेच शेतकऱ्याच्या हाती. ऑगस्टमधला पाहुणा हिरव्या पानांचे फोटो काढतो. त्या पानांआड पुढच्या फेब्रुवारीचा माल ठरून गेला आहे, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

आता श्रावण. मराठी घरात श्रावण पाळणे म्हणजे बहुधा मांसमच्छी आणि दारू बंद. त्यात काही जण कांदालसणाची भर घालतात. पण हा संयम सुरू होतो त्याच्या आदल्या दिवशी काय होते? आषाढी अमावास्या ही खरी दिव्यांची अमावास्या, घरातले दिवे घासूनपुसून पुजायची. तिला लोकांनी गटारीचे रूप दिले. महिनाभर मिळणार नाही म्हणून एका रात्रीत महिन्याचे उरकायचे. यावर धर्मशील माणसे नाराज होतात, ते समजण्यासारखे आहे. पण गटारीइतका प्रामाणिक दिवस पंचांगात नसेल. वस्तू सुटणार आहे, ओढ सुटलेली नाही, हे ती चारचौघांत कबूल करते.

नेमकी हीच गोष्ट गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या एकोणसाठाव्या श्लोकात आहे. निराहार राहणाऱ्याचे विषय सुटतात, त्यांची गोडी मात्र मागे राहते. ती जाते परतत्त्वाच्या दर्शनानंतरच, असा त्याचा आशय. ज्ञानेश्वरांनी इथे थांबून जिभेला वेगळे काढले आहे. बाकीची इंद्रिये आवरली आणि जीभ मोकळी सोडली, तर वरची पालवी खुडून मुळाला पाणी घातल्यासारखे होते. झाड मरत तर नाहीच, उलट आडवे पसरते, असा त्यांचा दृष्टान्त. आणि लगेच ते अडचणही मान्य करतात. इतर इंद्रियांचे विषय तोडता येतात, पण रस हट्टाने तोडता येत नाही, कारण त्यावाचून जगणेच चालत नाही.

हा दृष्टान्त द्राक्षबागाइतदाराला समजावून सांगावा लागणार नाही. वेल कापली की जोमाने फुटते, यावरच त्याचे घर चालते. ज्ञानेश्वरांचे गुरू आणि थोरले बंधू निवृत्तीनाथ यांची समाधी त्र्यंबकेश्वरी आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लोटणारी माणसे तिच्यापासून हाकेच्या अंतरावरून जातात.

गांधीजींनी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. १९३० साली येरवडा तुरुंगातून ते दर मंगळवारी आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्र लिहीत. त्यांतले एक व्रत अस्वादाचे. अन्न औषधासारखे घ्यावे, शरीराला लागेल तेवढे, चवीसाठी नव्हे. म्हणजे वस्तू घ्यायची आणि चव सोडायची. विनोबांनी एकादश व्रते मराठी पद्यात बांधली, त्यांतही अस्वाद आहे. ऐकायला हे सौम्य वाटते, पण जेवणाच्या पाटावर बसून पाहिले की उपवासापेक्षा कठीण निघते. उपवासात निदान ताट समोर नसते.

असे दोन मार्ग झाले. उपवास करणारा वस्तू टाकतो आणि चव त्याच्यापाशी उरते. अस्वादी वस्तू घेतो आणि चव टाकायला बघतो. गंमत अशी की टेस्टिंगच्या टेबलावर तिसरा मार्ग दिसतो, आणि तो या दोघांच्याही ध्यानी आला नसावा.

तिथे पेल्यात घोट-दोन घोट ओततात. पेला तिरका धरून रंग पाहायचा, गरगरवून वास घ्यायचा, घोट तोंडात फिरवायचा आणि पिकदाणीत थुंकायचा. जाणकार चाखणारा दिवसभरात डझनावारी वाइन तोंडात घेऊन संध्याकाळी शुद्धीत असतो तो यामुळेच. नाशिकच्या सॉव्हिन्यों ब्लांचा हिरवा, मिरचीच्या देठासारखा वास त्याला कळलेला असतो, शिराझचा मिरमिरीतपणा कळलेला असतो, आणि पोटात जवळजवळ काहीच गेलेले नसते. त्याने वस्तू टाकली आणि निव्वळ रस ठेवला. गीतेच्या श्लोकातला उपाशी माणूस ज्या अवस्थेत नाइलाजाने अडकतो, ती याने मुद्दाम साधलेली!

मग याचा श्रावण मोडला का? नियमाच्या अंगाने पाहिले तर घशाखाली उतरले नाही. वाद घालायला जागा आहे. ज्ञानेश्वरांच्या अंगाने पाहिले तर याने मोडण्यासारखे जे होते तेच नेमके मोडले. पालवी खुडली आणि मुळाला पाणी घातले, तेही हौसेने. धर्मशास्त्राकडे गेल्यास आणखी घोळ होतो. मनुस्मृतीत सुरापान महापातकांत मोजलेले, तर सौत्रामणी यज्ञात सुरेचाच विनियोग. कौटिल्य द्राक्षाच्या रसाला मधू म्हणतो आणि कापिशायन, हारहूरक अशी त्याची प्रांतांवरून पडलेली नावे सांगतो, पण त्याला काळजी पापाची नाही, महसुलाची. ख्रिस्ती वेदीवर द्राक्षारस पवित्र ठरतो आणि इस्लामला तो अमान्य. यांतला कोणताही निवाडा टेबलावरच्या माणसाच्या फार उपयोगाचा नाही, कारण सगळे वस्तूबद्दल बोलतात. प्रश्न गोडीचा आहे.

पिकदाणीचे कौतुक फार वाढवण्यातही अर्थ नाही. बहुतेक पाहुणे ती वापरत नाहीत. पैसे मोजलेत, थुंकायचे कशाला, हा त्यांचा रोकडा हिशेब. आणि जे वापरतात त्यांच्यात एक वेगळीच झिंग दिसते, ती जाणकारीची. कोणत्या लाकडाचे पिंप, कोणत्या उताराची माती, गेल्या वर्षीपेक्षा आंबटपणा किती कमी. दारू चढत नाही, पण मीपणा चढतो. संतांच्या हिशेबी हा नफा नव्हे.

या खोऱ्यात पावसाळ्यात येऊन राहण्याची रीत मात्र वायनऱ्यांपेक्षा खूप जुनी आहे. शहराच्या दक्षिणेला पांडवलेणी, म्हणजेच त्रिरश्मी डोंगरावरची बौद्ध लेणी. पावसाचे महिने भिक्षूंनी एका जागी काढायचे, त्याला वर्षावास म्हणत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यातल्या लेखात या मुक्कामाच्या खर्चाची व्यवस्था कोरून ठेवली आहे. तीन हजार कार्षापण नाणी श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेवीत. दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे पाऊण दराने. आणि त्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. मुद्दलाला हात लावायचा नाही. या श्रेणी होत्या गोवर्धनात, आणि ते गोवर्धन म्हणजे गंगापूरलगतचे आजचे गाव असे अभ्यासक मानतात. सुलाची वायनरी त्याच गोवर्धनच्या हद्दीत आहे. मद्य वर्ज्य मानणाऱ्या पाचव्या शीलाच्या भिक्षूंचा पावसाळा जिथल्या व्याजावर निघाला, तिथेच आता पावसाळी सवलतीच्या खोल्या मिळतात. यावरून कोणी हळहळण्याचे कारण नाही; हिशेब ठेवण्याची गोवर्धनची परंपरा तरी टिकली आहे. दुपारी वाइन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेणी, असा क्रम बेतात जरूर असावा. उलटा ठेवला तर लेण्यांच्या पायऱ्या उतरताना टेस्टिंगची वेळ गाठायची घाई होते.

रात्रीच्या जेवणाचेही ऑफ सीझनला बरे जमते. वायनरीच्या उपाहारगृहात पास्ता मिळेलच, पण श्रावण खरा खुलतो तो अळूवडी, थालीपीठ, भरल्या वांग्याच्या ताटात. किंचित गोडसर शेनिन ब्लां चिंचगुळाच्या अळूवडीशी जितकी जुळते तितकी चीजशीही जुळत नाही. यात कोणी व्रतभंग पाहील, कोणी पाहणार नाही. एकाच टेबलावर एकाने वाइन आणि दुसऱ्याने साधे ताक घेतले तरी जेवण मोडत नाही, आणि मराठी कुटुंबांना ही तडजोड चांगली अवगत आहे.

वस्तू की गोडी, हा वाद मात्र ज्याला थुंकायची मुभा आहे त्याच्यापुरता. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा द्राक्षशेतकऱ्याच्या हिताचे कारण पुढे केले गेले. विरोधात अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय पुढे अमलात आलाच नाही. गांधीजींचे सेवाग्राम आणि विनोबांचे पवनार ज्या वर्धा जिल्ह्यात आहेत तिथे आजही दारूबंदी आहे, तशीच गडचिरोलीत. इतर जिल्ह्यांत गावच्या बायका मागणी करून दुकानाविरुद्ध मतदान घडवून आणू शकतात. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या बाईला रसाशी काही देणेघेणे नसते. तिचा नवरा चव घेत पीत नाही. दुकान गेले तरी ओढ जात नाही आणि शेजारच्या गावात बाटली मिळते, हे ज्ञानेश्वरांनी सांगायच्या आधी तिला ठाऊक असते. तरीही ती पालवीच खुडायला येते, कारण शेजारचे गाव चार मैल लांब आहे आणि मजुरी शनिवारी हातात पडते.