विश्वासाची मात्रा

काही औषधे रोग्याच्या हाती ठेवताना देणाऱ्याचा हात क्षणभर अडखळतो. दीर्घकाळ टिकणाऱ्या खिन्नतेवरची जुनी औषधे त्या जातीची आहेत. ज्याला जगणे नकोसे झाले आहे त्याला जगवण्यासाठी ती द्यायची. आणि तीच भलत्या प्रमाणात पोटात गेली तर हृदयाचा ताल बिघडवतात. मग ती द्यावीत का, दिली तर कुणाच्या हाती द्यावीत, आणि ती कसली आहेत हे घेणाऱ्याला सांगावे की नाही, असे तीन प्रश्न उभे राहतात. पहिल्या दोहोंचा खल वैद्यकाच्या ग्रंथांत पुष्कळ झालेला आहे. तिसरा मात्र बहुधा घरातच, स्वयंपाकघराच्या दाराआड, हलक्या आवाजात निकालात काढला जातो. मला तोच सर्वांत अवघड वाटतो.

या औषधांचा शोध भलतेच काही शोधताना लागला. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रोग्यांना आयप्रोनियाझिड नावाचे नवे औषध देण्यात येत होते. अंथरुणाला खिळलेली माणसे त्याने हसू-बोलू लागली, भरपूर जेवू लागली. रुग्णालयात नाच चालल्याची वर्णने तेव्हाच्या वृत्तपत्रांत आली. पुढे १९५७ साली नेथन क्लाइन यांनी ते खिन्नतेवरचे औषध म्हणून पुढे आणले. यकृताला अपाय होतो असे दिसून आल्यावर १९६१ मध्ये अमेरिकेत ते मागे घेण्यात आले. पण तोवर त्याच्या कुळातली दुसरी औषधे आली होती.

स्वित्झर्लंडमध्ये याच सुमारास दुसरे कूळ जन्माला येत होते. म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात रोलांड कून हे डॉक्टर गायगी कंपनीने दिलेले एक द्रव्य भ्रमिष्ट रोग्यांना देऊन पाहत होते. त्यांना त्याचा उपयोग झाला नाही. १९५६ साली कून यांनी तेच खिन्न रोग्यांना दिले, आणि महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून पडलेली माणसे उठून बसली. हेच इमिप्रामीन. आकड्यांपेक्षा रोग्याचे बोलणे आणि वागणे न्याहाळण्यावर कून यांचा भर होता, आणि त्यामुळेच हा फरक त्यांच्या ध्यानी आला, असे त्यांचे चाहते सांगत आले.

ही कथा येथे संपती तर ती बोधकथा झाली असती. पण २०१९ साली स्विस इतिहासकारांनी त्या रुग्णालयाची दप्तरे तपासून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या इमारतींत कित्येक दशके हजारो रोग्यांवर निरनिराळी द्रव्ये आजमावली गेली, आणि त्यांतल्या पुष्कळांना आपण काय घेत आहोत, कशासाठी घेत आहोत, याची कल्पनाच दिली गेली नव्हती, असे त्यात उघड झाले. माणसाचे बोलणे इतक्या काळजीने ऐकणाऱ्याला त्याला विचारण्याची गरज वाटली नाही! तो काळच तसा होता, असे याला उत्तर देतात. मला ते अपुरे वाटते, कारण म्युन्स्टरलिंगेनमध्ये जे घडले ते आपल्या घरांतून आजही घडते, आणि तेही मायेपोटी.

इमिप्रामीनचे धाकटे भावंड अमिट्रिप्टिलीन १९६१ साली बाजारात आले. ते आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि आपल्याकडे खिन्नतेइतकेच अर्धशिशीवर व नसांच्या दुखण्यावरही लिहून दिले जाते. म्हणजे मराठी घरातल्या औषधांच्या डब्यात ते असणे मुळीच नवलाचे नाही. एखाद्या सासूबाईंचे मन उडालेले असते; त्यांना मानसोपचाराच्या डॉक्टरांचे नाव काढलेले खपत नाही. मग मुलगा स्वतःच डॉक्टरांना भेटून येतो आणि गोळी कुटून रात्रीच्या दुधात घातली जाते, किंवा ‘झोपेचे टॉनिक’ म्हणून हातावर ठेवली जाते. यात दुष्टपणा कुणाचाच नाही. सासूबाईंच्या तोंडाला कोरड पडते, शौचाला साफ होत नाही, दृष्टी अंधुक होते; त्या हे सारे वयाच्या खाती जमा करतात. रात्री उठताना रक्तदाब एकाएकी उतरून घेरी येते आणि त्या न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडतात. काचबिंदूसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या तर ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे ‘काही नाही’ म्हणून सांगतात. हे औषध काचबिंदूला अपाय करू शकते, हे त्या बिचाऱ्या डॉक्टरांना माहीत आहे. फक्त सासूबाई ते घेत आहेत हे माहीत नाही.

खरे बोलणे ही नीतीची बाब आहे आणि औषध हे रसायनशास्त्राचे काम आहे, अशी विभागणी आपण करतो. या औषधांपुरती तरी ती टिकत नाही. घेणाऱ्याला ठाऊक असणे हा येथे औषधाच्या कृतीचाच एक घटक आहे.

याचा धडा इंग्लंडमध्ये चीजच्या एका तुकड्याने दिला. आयप्रोनियाझिडच्या कुळातली औषधे शरीरातल्या मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला अडवतात. त्यांवर असलेल्या काही रोग्यांचे डोके एकाएकी असह्य दुखे, रक्तदाब भयंकर चढे, आणि क्वचित मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यू येई. कारण कळत नव्हते. नॉटिंगहॅमच्या एका औषधनिर्मात्याची पत्नी असेच एक औषध घेत होती. तिचे डोके चीज खाल्ल्यावरच दुखते, दूध किंवा लोणी खाल्ल्यावर नाही, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने लंडनच्या बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरांना तसे कळवले. आधी ते हसण्यावारी गेले. १९६३ साली ब्लॅकवेल यांनी ते ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. मुरवलेल्या चीजमध्ये टायरामीन असते. एरवी आतडी आणि यकृत ते मोडून टाकतात, पण विकर अडवले गेले की ते रक्तात मोकळे शिरते. तेव्हापासून मुरवलेले मांस, सोयाचे सॉस, यीस्टचा अर्क, पिंपातली बिअर अशा पदार्थांची पथ्ये या औषधांबरोबर आली. ताज्या पनीरला ती लागू नाही. सर्दीखोकल्याची साधी औषधेही मात्र घातक ठरू शकतात. आपल्याकडे हे कूळ हल्ली क्वचितच दिसते. पण पाहण्याजोगे हे, की शोध लावला तो एकाच ताटाभोवती बसणाऱ्या नवराबायकोने, आणि तो लागला कारण त्या घरात औषधाचे नाव उघड होते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. ज्याचे मनच काळवंडले आहे त्याला खरे सांगून तो औषध घेईल कशावरून? आणि गोळीची मारकशक्ती कळल्यावर तिचा उपयोग भलताच करणार नाही कशावरून? काही जण गीतेकडे बोट दाखवून म्हणतात, अर्जुनाचा विषाद बोलण्यानेच गेला की! पण अर्जुन प्रश्न विचारत होता. ज्याला प्रश्नच सुचेनासा झाला आहे त्याचा विषाद वेगळा. शिवाय ही औषधे गुण दाखवायला दोन ते चार आठवडे घेतात. त्रास मात्र पहिल्या दिवसापासून. त्यातही हातापायांना बळ आधी येते आणि मनावरचे मळभ मागाहून हटते, असे जाणते डॉक्टर सांगत आले आहेत. म्हणून ते दिवस सर्वांत जपण्याचे. गोळ्या थोड्या-थोड्याच आणाव्यात, त्या घरातल्या दुसऱ्याने सांभाळाव्यात, रोग्याला एकटे पडू देऊ नये, हे सारे बरोबर आहे.

पण सांभाळणे आणि लपवणे यांत मी फरक करतो. ‘हे औषध तुझ्या खिन्नतेवरचे आहे. ते जपून वापरायचे असते. काही दिवस पाकीट माझ्याकडे राहू दे. तुला चालेल ना?’ असे म्हणून पाकीट मागून घेणे वेगळे, आणि ते कपाटात दडवून चावी कमरेला लावणे वेगळे. गोळी दोन्हीकडे एकाच जागी राहील. पहिल्यात आजारी माणसाने आपल्या आयुष्याचा तात्पुरता ताबा कुणाला तरी दिलेला असतो. दुसऱ्यात तो काढून घेतलेला असतो. खिन्न माणसाला आपण निरुपयोगी झालो आहोत असे आधीच वाटत असते. त्याला न विचारता घेतलेला प्रत्येक निर्णय त्याची खात्री पटवतो. तो नको म्हणाला तर? तर डॉक्टरांसमक्ष पुन्हा विचारावे. प्राणावरच बेतले असेल तर रुग्णालयात न्यावे, पण तेही सांगून न्यावे.

नवी औषधे आल्यापासून ही अडचण थोडी सैलावली. अमेरिकेत १९८८ पासून मिळू लागलेले फ्लुओक्सेटीन आणि त्याची भावंडे अधिक घेतली गेली तरी तितकी घातक नसतात. त्यामुळे असंख्य जीव वाचले असतील. याबद्दल कुरकुर करणे कृतघ्नपणाचे होईल. पण कमी धोक्याच्या औषधाबरोबर कमी बोलण्याची सवयही आली, असे मला वाटते. पूर्वी डॉक्टरांना निदान धास्तीपोटी तरी घरच्यांना बसवून दहा मिनिटे बोलावे लागे. नव्यांचा उपयोग होत नाही तेव्हा जुनी पुन्हा काढावी लागतात. आणि मोनोअमाइन ऑक्सिडेज अडवणाऱ्या कुळातून दुसऱ्या कुळात जाताना मध्ये दोन आठवडे कोरडे सोडावे लागतात, आणि फ्लुओक्सेटीननंतर त्या कुळातले औषध द्यायचे तर पाच. बरे वाटले म्हणून कोणतेही एकदम तोडायचे नसते. डॉक्टर बदलला, गाव बदलले, की हे सगळे कुणी कुणाला सांगायचे?

सरकारी रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण विभागात रांग दारापर्यंत गेलेली असताना ती दहा मिनिटे कुठून आणायची, हे मला माहीत नाही. तोवर एवढे तरी करता येईल. औषधाचे नाव, ते कधी सुरू केले, कशासाठी, आणि कोणत्या औषधांबरोबर चालत नाही, हे डॉक्टरांना विचारून मराठीत एका कागदावर लिहावे आणि तो कागद औषधांच्या डब्यात वरच ठेवावा. लिहिताना अक्षर रोग्याचेच असावे.